मांजर पाणी कसे पिते, आणि किती?

शिक्षक मित्रांनो, एखाद्या दिवशी वर्गात हा साधा प्रश्न विचारून पाहावा : पाणी पिताना मांजर आपल्या जिभेचे टोक कोणीकडे वळवते, वर की खाली? पेण-रोह्याकडच्या मुलांना मांजर नवे नाही. पडवीत, चुलीपाशी, मासळी कापणाऱ्या आईच्या विळीशेजारी ते रोज दिसते. तरीही बहुतेक मुले हाताची पळी करून दाखवतील. जिभेचे टोक वर वळते, तिचा चमचा होतो, चमच्यात पाणी भरते आणि ते तोंडात जाते, असे त्यांचे उत्तर असेल. शिक्षकांच्या खोलीत विचारले तरी बहुधा हेच उत्तर मिळते. ते चुकीचे आहे. जिभेचे टोक वळते ते खाली आणि मागे, म्हणजे चमचा पालथा असतो. पालथ्या चमच्याने पाणी तोंडात जाते कसे, हे नीट कळायला २०१० साल उजाडावे लागले.

दुसरा प्रश्न मांजर किती पाणी पिते हा. ह्याचे उत्तर शोधताना आपल्याला पेणच्या खारेपाटातून थेट वाळवंटात जावे लागेल. आम्ही आधी हाच प्रश्न घेतो, कारण पहिल्याचे महत्त्व त्यावाचून कळत नाही.

पेण तालुक्याचा खाडीलगतचा पश्चिमेकडील पट्टा म्हणजे खारेपाट. भरतीचे पाणी थोपवण्यासाठी घातलेले बांध, बांधांच्या आत भातशेती, बाहेर खाजण. जमिनीतच मीठ मुरलेले असल्याने गोड्या पाण्याची विहीर ही येथे चैनीची गोष्ट. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण, टँकरची वाट पाहणे हे येथल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. ह्याच तालुक्यात हेटवणे धरण झाले आणि त्याचे पाणी नवी मुंबईला गेले, तेव्हा खारेपाटातल्या माणसाला काय वाटले असेल हे वेगळे सांगायला नको. जेथे हंडाभर पाणी घरातली माणसे पुरवून पुरवून वापरतात, तेथे मांजरासाठी वाटी कोण भरून ठेवणार? तरीही खारेपाटात मांजरे आहेत, आणि ती तहानेने मरत नाहीत.

ह्याचा खुलासा करणारे प्रयोग १९५९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. प्रेंटिस, वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे दोन लेख शरीरक्रियाशास्त्राच्या एका नामवंत नियतकालिकात लागोपाठ छापून आले. पहिल्या प्रयोगात मांजरांना पिण्याचे पाणी अजिबात दिले नाही. खायला फक्त मासळी किंवा मांस. मांजरांच्या शरीरातील पाण्याचा जमाखर्च व्यवस्थित जुळून राहिला! दुसरा प्रयोग त्याहून विलक्षण होता. तहानलेल्या मांजरांना समुद्राचे पाणी देण्यात आले आणि त्या पाण्यावर त्यांनी आपली तूट भरून काढली.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माणूस ते प्यायला तर हे मीठ बाहेर टाकण्यासाठी त्याच्या मूत्रपिंडांना प्यायलेल्या पाण्यापेक्षा अधिक पाणी खर्चावे लागते, आणि पिऊन पिऊन माणूस अधिकच तहानेला होतो. आपल्या मूत्रपिंडांना मूत्र फार तर रक्ताच्या चौपट दाट करता येते. मांजर ते दसपट दाट करू शकते. थोड्या पाण्यात पुष्कळ मीठ आणि युरिया भरून बाहेर टाकण्याची ही कुवत आहे. (हे वाचून कोणी आपल्या मांजराला खाडीचे पाणी पाजू नये. संकटात निभावून नेण्याची शक्ती वेगळी आणि रोजचा आहार वेगळा.)

ताज्या मासळीत वजनाच्या सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. चार किलो वजनाच्या मांजराला अन्न व पाणी मिळून दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागते. दिवसाकाठी त्याने अडीचशे ग्रॅम मासळी खाल्ली तर त्यातूनच १९० मिलिलिटरच्या आसपास पाणी पोटात जाते. भातातही शिजताना भरपूर पाणी शिरलेले असतेच. म्हणजे भात आणि मासळीचा काला खाणारे कोकणातले मांजर पाणी ‘पीत’ नसले तरी ‘खात’ असते.

ही काटकसर मांजराने खारेपाटात शिकलेली नाही. आपल्या डोंगराळ भागात आणि खाजणाच्या कडेने जे रानमांजर दिसते, ज्याला कोठे कोठे बाऊल म्हणतात, ते पाणथळ जागा आवडणारे जनावर आहे, पण ते घरच्या मांजराचा पूर्वज नव्हे. जगभरच्या मांजरांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून २००७ साली असे दाखवण्यात आले की पाळीव मांजराचे मूळ आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजरात आहे. हे कोरड्या माळरानांचे आणि वाळवंटाच्या कडांचे रहिवासी. जेथे आठवडेच्या आठवडे पाणवठा दिसत नाही तेथे उंदीर, सरडे, पाखरे हेच त्याचे अन्न आणि तेच पाणी. असा प्राणी तहान उशिरा ओळखतो. शरीरातले पाणी थोडे कमी झाले की कुत्रा पाण्याकडे धावतो, तर मांजर मूत्र दाट करते आणि स्वस्थ बसते.

मग हे वाळवंटातले जनावर कुंडलिकेच्या काठी आले कसे? भारतात मांजर फार जुने आहे. ‘मार्जार’ हा शब्द आपल्या प्राचीन ग्रंथांत ठायी ठायी येतो. परंतु किनाऱ्यापुरता एक मनोरंजक धागा हाती लागतो. कुंडलिका रोह्याहून वाहत जाऊन रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते, आणि त्या मुखाशी चौल आहे. अरब प्रवासी अल्-मसूदी इसवी सन ९१६ च्या सुमारास येथे आला. तो ह्या बंदराला सैमूर म्हणतो, आणि सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथील व्यापाऱ्यांची मोठी वस्ती येथे असल्याचे नमूद करतो. सिराफ हे इराणच्या किनाऱ्यावरचे बंदर. २०१७ साली प्राचीन मांजरांच्या हाडांतील डी.एन.ए.चा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सिराफच्या मांजरात इजिप्तमधील मांजरांचा वंश आढळला. धान्य आणि दोरखंड कुरतडणाऱ्या उंदरांसाठी खलाशी मांजरे बाळगत, आणि गलबतांबरोबर मांजरेही बंदरोबंदर पोचत. सिराफची गलबते चौलला येत होती. त्यांतून काही मांजरे येथे उतरली असावीत हा आमचा तर्क, पण तो धाडसाचा नाही. गलबतावरचे गोडे पाणी मोजके. मासळीवर भागवणारे जनावर खलाशांना परवडण्याजोगे होते, हेही लक्षात घ्यावे.

आता जिभेकडे वळू.

बैल, म्हैस, घोडा, शेळी ही जनावरे ओठ पाण्याला लावून पाणी ओढून घेतात. आपणही तसेच पितो. ओढण्यासाठी तोंडात निर्वात निर्माण करावा लागतो, आणि त्यासाठी गाल दोन्ही बाजूंनी बंद हवेत. मांजर आणि कुत्रा यांचे गाल अपुरे असतात, जबडा मागपर्यंत उघडतो. शिकार पकडायला हे सोयीचे, पाणी ओढायला निरुपयोगी. तेव्हा उरते ती जीभ. मांजर सेकंदाला तीन-चार वेळा जीभ बाहेर काढते. इतकी जलद हालचाल आपल्या डोळ्याला सुटी सुटी दिसत नाही. नुसती लपलप दिसते, आणि मधली रिकामी जागा मन आपल्या कल्पनेने भरून काढते. चमच्याची कल्पना अशीच शिरली असणार.

मांजराच्या हालचालींनी शास्त्रज्ञांना त्यापूर्वीही सतावले होते. उलटे सोडलेले मांजर चार पायांवर कसे पडते हे पाहण्यासाठी फ्रान्समध्ये मारे यांनी १८९४ साली चित्रमालिका घेतल्या होत्या. पाणी, किंबहुना दूध, पिणाऱ्या मांजराचे चित्र लोकांसमोर आले ते हॅरल्ड एजर्टन यांच्यामुळे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे विद्युत अभियांत्रिकीचे हे प्राध्यापक फिरत्या यंत्रांचा अभ्यास करत होते. अंधारात अतिशय अल्पकाळ टिकणारा प्रखर प्रकाश ठरावीक अंतराने पाडला तर फिरणारे चक्र थांबल्यासारखे दिसते. हे तंत्र त्यांनी १९३० च्या दशकात छायाचित्रणाला जोडले. दुधाच्या थेंबाचा मुकुट, सफरचंदातून आरपार गेलेली गोळी ही त्यांची चित्रे आपल्यापैकी अनेकांनी पुस्तकांत पाहिली असतील. १९४० साली ‘क्विकर एन अ विंक’ नावाचा त्यांच्या चित्रणावर आधारित एक लहानसा चित्रपट निघाला, त्याला ऑस्करही मिळाले. त्यात दूध पिणारे मांजर होते. जीभ सरळ खाली उतरते आणि तिचे टोक हनुवटीकडे वळलेले असते, इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखे, हे त्यात स्पष्ट दिसले.

दिसले, पण उलगडले नाही. चित्रपटगृहात लाखो लोकांनी पाहिलेली ही गोष्ट पुढची सत्तर वर्षे एक गंमत म्हणूनच राहिली. आम्हाला ह्या इतिहासातला हा भाग सर्वांत बोलका वाटतो. निरीक्षण समोर होते, मात्र ‘मग पाणी वर येते कसे?’ असे त्याला कोणी चिकाटीने विचारले नव्हते.

ते विचारले पुन्हा त्याच संस्थेतल्या लोकांनी. रोमन स्टॉकर हे द्रवांच्या गतीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. त्यांच्या घरी कट्टा कट्टा नावाचे मांजर होते. सकाळच्या न्याहारीच्या वेळी ते पाणी पिताना स्टॉकर यांना वाटले, गुरुत्वाकर्षणावर मात करणारी काहीतरी युक्ती येथे आहे. पेद्रो रेइस, सनह्वान जंग आणि जेफ्री ॲरिस्टॉफ हे सहकारी मिळाले. जलद कॅमेरा घेऊन ही मंडळी कट्टा कट्टाच्या मर्जीची वाट पाहत तासन्‌तास बसत. ह्या कामासाठी वेगळे अनुदान घेतलेले नव्हते. २०१० च्या नोव्हेंबरात त्यांचा लेख ‘सायन्स’मध्ये आला.

जीभ पाण्यात बुडतच नाही. वळलेल्या टोकाची जी बाजू खाली येते, म्हणजे एरवीची वरची बाजू, ती पाण्याच्या पृष्ठभागाला केवळ टेकते. टेकताच पाणी तिला चिकटते. लगेच मांजर जीभ वेगाने वर खेचते, सेकंदाला सुमारे ७८ सेंटिमीटर इतक्या वेगाने. चिकटलेल्या पाण्यामागून आणखी पाणी ओढले जाते आणि जिभेखाली पाण्याचा एक बारीक स्तंभ उभा राहतो. जडत्वामुळे स्तंभ वर जात राहतो, गुरुत्वाकर्षण त्याला खाली खेचते. काही क्षणांतच स्तंभ तुटणार असतो. तो तुटण्याआधी, त्यात जास्तीत जास्त पाणी असतानाच, मांजर जबडा मिटून त्याचा वरचा भाग तोंडात पकडते. हनुवटी कोरडी राहते, मिशा भिजत नाहीत. एका खेपेला पाणी मिळते सुमारे ०.१४ मिलिलिटर.

खेप फार सावकाश घेतली तर स्तंभ आधीच कोसळेल. फार घाई केली तर स्तंभ पुरेसा भरण्याआधीच तोंड मिटेल. जडत्व आणि गुरुत्व यांचा हा तोल मोजण्यासाठी अभियंते एक संख्या वापरतात. एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या बांधणीचा अभ्यास करणारे विल्यम फ्रूड यांचे नाव तिला आहे. संशोधकांनी काचेची चकती पाण्याला टेकवून वर खेचणारे यंत्र बनवले, त्यावर गणित ताडून पाहिले आणि एक भाकीत केले : जनावराचे वजन जसे वाढेल तसा जिभेच्या खेपांचा वेग वजनाच्या सहाव्या मुळाच्या प्रमाणात कमी होईल. घरचे मांजर सेकंदाला साडेतीन खेपा घेते. ४ किलोच्या मांजराऐवजी १८० किलोचा सिंह घेतला तर वजन ४५ पट, ४५ चे सहावे मूळ जवळजवळ १.९, म्हणून खेपा सेकंदाला सुमारे १.९. प्राणिसंग्रहालयातील मोठ्या मार्जारांची चित्रणे तपासली तेव्हा वेग ह्याच हिशेबाने उतरत गेला. रोहा आणि मुरूड तालुक्यांत पसरलेल्या फणसाड अभयारण्यात बिबट्या आहे. ५० किलोचा बिबट्या पाणवठ्यावर सेकंदाला किती खेपा घेईल? नववी-दहावीच्या मुलांना हे उदाहरण जरूर घालावे. उत्तर २.३ येते.

कुत्र्याविषयी दोन शब्द. तोही टोक मागेच वळवतो. २०११ साली क्ष-किरण चित्रणाने दिसले की त्याची जीभही पाण्याचा स्तंभच वर ओढते. मात्र तो जीभ पाण्यात खुपसतो आणि जोराने खेचतो, म्हणून पाणी चौफेर उडते. २०१५ च्या एका अभ्यासात कुत्र्याच्या जिभेचे त्वरण हेच पाणी उचलण्याचे मुख्य साधन असल्याचे दाखवले गेले.

वर्गात करून पाहायला काचेची एखादी सपाट गुळगुळीत बशी पुरे. परातीतल्या पाण्याला तिचा तळ टेकवा आणि झटकन वर उचला. बशीमागून पाणी उभे राहते आणि पडते. हळू उचलली तर स्तंभ लगेच तुटतो. एजर्टनना ज्यासाठी स्वतः यंत्रे घडवावी लागली ते संथगती चित्रण आता अनेक मोबाईल फोनमध्ये असते. त्यावर घरच्या मांजराचे पालथे टोक प्रत्येक मुलाला दिसू शकेल.

आता दोन्ही प्रश्न एकत्र आणू. ०.१४ मिलिलिटरची एक खेप, सेकंदाला साडेतीन खेपा, म्हणजे सेकंदाला अर्धा मिलिलिटर पाणी. भात-मासळी खाणाऱ्या मांजराला हे पुष्कळ झाले. परंतु आता पेण-रोह्याच्या बाजारातही मांजरांच्या कोरड्या खाण्याच्या पुड्या मिळतात. ह्या दाण्यांत पाणी असते जेमतेम दहा टक्के. चार किलोच्या मांजराला दिवसाला असे साठ-सत्तर ग्रॅम दाणे पुरतात, त्यांतून मिळणारे पाणी सहा-सात मिलिलिटर. उरलेले १९० मिलिलिटर त्या बारीक जिभेने उचलायचे म्हटले तर साडेतेराशेच्या आसपास खेपा झाल्या, सलग साडेसहा मिनिटे! मांजर एरवीपेक्षा जास्त पिते खरे, पण तूट पूर्ण भरून काढत नाही. वाळवंटातल्या पूर्वजाप्रमाणे मूत्र दाट करून ते गप्प राहते.

दाट मूत्रात क्षारांचे स्फटिक आणि खडे होण्याचा संभव वाढतो. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो तुंबला तर बोका वारंवार लघवीला बसतो, ओरडतो, थेंबही येत नाही, आणि उपचार न मिळाल्यास दोन-तीन दिवसांत दगावतो. लठ्ठपणा, घरातच कोंडून राहणे, ताण ही कारणेही त्यामागे असतात, सगळा दोष कोरड्या दाण्यांच्या माथी मारणे बरोबर नाही. मात्र असे लक्षण दिसले की त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसण्यात मांजराचा जीव जातो.

कोरडे खाणे आमच्याकडे जुनेही आहे. आगोटीला भरून ठेवलेली सुकट आणि सुके बोंबील पावसाळ्यात मांजराच्याही वाट्याला येतात, आणि त्यांत पाणी कमी, मीठ पुष्कळ. सुकट पाण्यात भिजवून, ते खारट पाणी ओतून देऊन भातात कालवली तर दोन्ही अडचणी दूर होतात. कोरड्या दाण्यांवर पाणी घालून दिले तरी चालते.

मांजराला कोणते पाणी आवडते ह्याविषयी ठाम विधाने पुष्कळ ऐकू येतात. वाहते पाणी आवडते, कारण रानात वाहते पाणी स्वच्छ असते, असे सांगून पाण्याची कारंजी विकली जातात. २०१० साली अमेरिकेत आणि नंतर २०१९ सालीही थोड्या थोड्या मांजरांवर ह्याची मोजणी झाली. स्थिर वाटी आणि वाहते पाणी यांत मोठा, सर्वांना लागू पडणारा फरक आढळला नाही. काही मांजरे नळाच्या धारेकडे जातात, काही वाटीलाच चिकटून राहतात, ज्याची त्याची खोड. धारेकडे जाण्याचे एक साधे कारण असू शकते. मांजराला अगदी जवळचे, म्हणजे वीतभर अंतरातले, स्पष्ट दिसत नाही. स्थिर पाण्याचा पृष्ठभाग नेमका कोठे आहे हे त्याला कळत नसावे. काही मांजरे आधी पंजा बुडवतात तेही ह्याचसाठी असेल.

चवीबाबत मात्र जुना आणि भक्कम पुरावा आहे. स्टॉकहोमच्या झोटरमन आणि सहकाऱ्यांनी १९५४ साली मांजराच्या जिभेकडून निघणाऱ्या मज्जातंतूंतील विद्युत संदेश टिपले. जिभेवर निव्वळ पाणी सोडले असताना काही तंतू संदेश पाठवू लागले, आणि पाण्यात थोडेसे मीठ मिसळताच हा प्रतिसाद दबला. म्हणजे गोडे पाणी आणि किंचित मचूळ पाणी यांतला फरक मांजराच्या जिभेला कळतो. खारेपाटातले मांजर विहिरीचे पाणी सोडून पन्हळीखालच्या पावसाच्या पाण्याकडे जात असेल तर ते नखरे करते असे म्हणू नये.

घरचे मांजर किती पिते हे मोजायचे असेल तर दोन सारख्या वाट्यांत मोजून १०० मिलिलिटर पाणी घ्यावे. एक मांजरापुढे ठेवावी, दुसरी तिच्याशेजारीच जाळीखाली. दुसऱ्या दिवशी दोन्हींतले पाणी मोजावे. जाळीखालच्या वाटीत जे घटले ते बाष्पीभवन, ते पहिलीच्या घटीतून वजा केले की उरले ते मांजराचे. मे महिन्यात ही वजाबाकी विसरून चालणार नाही. पंधरा दिवस रोज टिपण ठेवावे, आणि त्या दिवशी मांजराने काय खाल्ले तेही शेजारी लिहावे. ताजी मासळी आली त्या दिवशी उत्तर शून्याजवळ आले, तर मोजमाप चुकले असे समजून तो आकडा खोडू नये.